उपवासाची चाळणी

माझ्या आईच्या केकची रेसिपी तिच्या वहीत जेमतेम चार ओळींची आहे. मैदा दोन वाट्या, पिठीसाखर दीड वाटी, लोणी एक वाटी, अंडी चार, क. पावडर (म्हणजे कस्टर्ड पावडर) दोन चमचे, बे. पा. (बेकिंग पावडर) दीड चमचा, जायफळ, आणि खाली "नेहमीसारखं करणे". आता नेहमीसारखं म्हणजे कसं हे ज्याला माहितीये त्याला वही लागत नाही आणि ज्याला वही लागते त्याला या वाक्यातून काही कळत नाही, पण त्या पिढीच्या सगळ्या वह्या अशाच. वाटी कुठली तेही लिहिलेलं नाही. ती स्टीलची, बुडाशी आजोबांचं नाव घातलेली वाटी, हे फक्त आम्हा बहिणींना ठाऊक.

1980च्या दशकातली डोंबिवली, आणि तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला मधोमध काच असलेला. ज्यांच्याकडे होता त्यांना लगेच डोळ्यासमोर येईल. तापमानाचं बटण वगैरे भानगडच नव्हती, प्लग लावला की चालू, काढला की बंद, आणि केक किती झालाय ते आई वासावरून सांगायची. टिनला आतून तूप लावायचं, वर चमचाभर मैदा भुरभुरवायचा, टिन उलटा करून ठोकून जास्तीचा मैदा झटकायचा, हे काम माझं. मैदा मिश्रणात घातला की मात्र कुणी हात लावायचा नाही, "आता हलक्या हाताने, फार घोटलंस तर चिवट होईल" हे ठरलेलं वाक्य. चिवट का होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही.

लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा तो टिन माझ्याबरोबर आला आणि केकही आला. सासरी अंडं फक्त सासूबाईंना चालत नाही, बाकी मंडळी बाहेर सगळं चापतात. त्यामुळे पहिल्या वर्षीच तह झाला. केकची भांडी वेगळी, ती घासायची घासणी वेगळी, अंडी फेटायची ती गॅलरीतल्या टेबलावर, आणि ओट्यावर त्यातलं काही यायचं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात भरपूर चडफडले होते, म्हणजे किती ते सोवळं, विसावं शतक संपलं तरी. केक मात्र हिट झाला. नणंदेची मुलगी तर बोलायला लागल्यापासून त्याला मामीचा केक म्हणते. माझ्या आईचं नाव त्यातून कधीच गळून पडलं आणि आईला त्याचं काही वाटलेलं नाही.

ही भाची 9 वर्षांची झाली तरी उंची वाढेना. पोट कायम फुगलेलं, हिमोग्लोबिन कमी, लोहाची औषधं महिनोन्‌महिने चालू आणि आकडा ढिम्म हलत नाही. वर्षभर सगळ्यांनी सगळं सांगून झालं, जंत झालेत, नीट जेवत नाही, मोबाईल बघत जेवते, नाजूक चणीच आहे आमच्याकडची. शेवटी एका डॉक्टरनी रक्ताची टीटीजी नावाची टेस्ट करायला लावली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासला, आणि निदान आलं सिलिअ‍ॅक. गव्हात आणि जवात जे ग्लूटेन असतं त्याला शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा शत्रू समजते आणि त्या भांडणात आतड्याचं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागणार कसं. याच्यावर गोळी नाही. ग्लूटेन बंद, आयुष्यभर, एवढाच उपाय. (जाता जाता एक, कुणाच्या घरी अशी शंका असेल तर टेस्ट होण्याआधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका, रिपोर्ट फसवा येऊ शकतो.)

हे गव्हाचं गणित कळलं कसं तेही ऐकण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा मुलांना काय द्यायचं हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. अमेरिकेत सिडनी हास नावाच्या डॉक्टरने 1924 मध्ये केळ्यांचा आहार सुचवला, मुलं सुधारायची, आणि श्रेय केळ्याला मिळायचं. खरं काम केलं होतं ते ताटातून गेलेल्या पावाने. नेदरलँडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, आणि 1944-45च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे भयंकर उपासमार झाली, लोक ट्युलिपचे कंद खाऊन राहिले, तेव्हा पाव मिळेनासा झाल्यावर ही आजारी मुलं उलट बरी व्हायला लागली आणि पाव परत आल्यावर परत आजारी पडली. म्हणजे आजूबाजूचे लोक उपाशी आणि ही मुलं तेवढी सुधारतायत. मला हे वाचल्यापासून ती मुलं डोक्यातून जात नाहीत.

असो. घरात निदान पचायला वेळ लागलाच. आमच्यातले एक काका, इंजिनिअर, चांगले शिकलेले, दर भेटीत म्हणायचे की अगं थोडंसं खाल्लं तर काय होतंय, उलट सवय होईल शरीराला. आता थोडंसं म्हणजे किती, तर ग्लूटेनफ्री म्हणवून घ्यायला पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, आणि नुसत्या अर्ध्या ग्रॅम मैद्यात साधारण 40 मिलिग्रॅम असतं. अर्धा ग्रॅम मैदा म्हणजे टिनला भुरभुरवल्यावर कोपऱ्यात उरतो तेवढा. त्यात हे अ‍ॅलर्जीसारखं लगेच अंगावर उठत नाही, मूल दुसऱ्या दिवशी शाळेतही जातं, त्यामुळे काकांसारख्यांना वाटतं बघा, काही झालं नाही.

सासूबाईंना मात्र एकदाच सांगावं लागलं. डॉक्टरांकडून आलेला तो कागद नणंद वाचून दाखवत होती, की वेगळा तवा, वेगळं लाटणं, तळणाचं तेल वेगळं, गव्हाचा हात लागलेला चमचा तिच्या भाजीत नको, आणि सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे उपवासाचं करतो तसंच की." संपला विषय. ज्या बाईने चाळीस-पन्नास वर्षं एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत रोजच्या भाजीचा चमचा बुडू दिला नाही, वरईच्या डब्यात गव्हाचा कण जाऊ दिला नाही, तिला ही शिस्त नवीन नव्हतीच. सोवळ्याबद्दल माझं मत आजही काही फारसं चांगलं नाही, त्याने माणसांना काय काय भोगायला लावलंय ते आपल्याला माहितीये. पण चमच्याला काय लागलंय याचं भान ठेवणारं माणूस घरात असणं ही त्या वेळी केवढी सोय होती ते मी नाकारणार नाही.

मग वाढदिवस आला आणि केकचा प्रश्न आला.

नणंदेने एका बेकरीतून ग्लूटेनफ्री केक मागवायचं ठरवलं होतं. मी आधी चौकशीला गेले तर त्याच टेबलावर पाव कापणं चाललेलं, तीच सुरी, तोच काउंटर, आणि हवेत मैदा उडतोय. लेबलवर लिहिलेलं खरं असेलही, पिठात गहू नसेल, पण मी तो घेतला नाही. म्हटलं घरीच करू, आणि तिथून पुढे मला कळलं की पीठ बदलणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

पिठाचं आधी सांगते. मैद्यातलं ग्लूटेन पाण्याशी भेटलं आणि घोटलं गेलं की त्याची जाळी तयार होते, पावाला ती हवी असते, केकला नको असते. आईची "हलक्या हाताने" ही ताकीद त्या जाळीसाठीच होती. म्हणजे ग्लूटेनशिवाय पोळी करायला घेतलीत तर घाम फुटतो (आपण ज्वारीच्या भाकरीला पीठ उकळत्या पाण्यात का मळतो ते त्याच्यामुळेच), पण केक त्या मानाने समजूतदार, त्याला उभं करायला अंडी असतात, लोण्यासाखरेत फेटून भरलेली हवा असते. अडचणी येतात त्या वेगळ्याच. तांदळाचं पीठ तसंच घातलं तर दाताखाली कचकच लागते, कारण त्याचे कण टणक आणि पाणी प्यायला वेळ घेतात, त्यामुळे मिश्रण भिजत ठेवावं लागतं. वाटीला वाटी बदलून तर अजिबात चालत नाही. तांदळाचं पीठ मैद्यापेक्षा वजनाला बरंच जड भरतं, म्हणून आजोबांच्या नावाची वाटी बाजूला ठेवून वजनकाटा आणला, तेव्हा आईला हसू आवरेना. आणि बांधून ठेवायला काहीतरी लागतं, नाहीतर सुरी लावली की भुगा. परदेशातल्या रेसिप्या त्यासाठी झॅन्थन गम सांगतात, तो मिळतो पण महाग, आणि सासऱ्यांच्या कपाटात ईसबगोल होतंच. चमचाभर ईसबगोल काम चोख करतं. सासरे ते रोज रात्री कशासाठी घेतात यावर पोरांनी वाढदिवसाला जे विनोद केले ते इथे लिहीत नाही.

आता पीठ दळायचं कुठे? आपली नेहमीची गिरणी म्हणजे दिवसभर गहू, मग मधेच कुणाची ज्वारी, मग परत गहू. तिथे तांदूळ नेला तर आधीच्या गिऱ्हाईकाचा मूठभर गहू आपल्या पिशवीत येणारच, गिरणीवाला प्रामाणिक असला तरी. आपल्याकडे ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदूळ इतकं सगळं असताना सिलिअ‍ॅकवाल्याला अडचण नसावी असं वाटतं, पण अडचण धान्यात नसून जात्यात आहे. बाजारातल्या सुट्या पिठांचंही तेच. यावरही उत्तर सासूबाईंनीच दिलं. आमच्या गिरणीत उपवासाच्या दळणाची चक्की वेगळी आहे, राजगिरा, वरई, साबुदाणा, शिंगाडा तेवढंच त्यावर पडतं. "त्याच्यावर गहू टाकला तर बायका त्याला सोडतील का?" खरंच की. आमच्याकडे उपवासाला तांदूळ चालत नाही म्हणून गिरणीवाल्याने आधी कां-कूं केलं, पण सासूबाईंनी नातीचा आजार सांगितल्यावर तो म्हणाला एकादशी झाल्यावर आणा, मग मी चक्की झाडून पुढच्या उपवासाचं दळण घेईन. साबुदाणाही तिथेच दळून मिळाला. नंतर नणंदेने घरघंटी घेतली आणि तो प्रश्न कायमचा मिटला, पण पहिल्या वाढदिवसाचा केक एकादशीच्या चक्कीवर दळलेल्या पिठाचा होता.

मग चाळणी. माझ्या चाळणीच्या जाळीत वर्षानुवर्षांची कणीक बसलेली, ती धुऊन जात नाही. सासूबाईंची उपवासाची चाळणी, जिला आम्ही हात लावायचा नसतो, ती त्यांनी स्वतःहून फडताळातून काढून दिली आणि अट घातली की अंड्याच्या आसपास न्यायची नाही. मी ओट्यावर पीठ चाळलं, चाळणी लगेच परत दिली, मग परातीत पीठ घेऊन गॅलरीत गेले. त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत दोन प्रकारचं सोवळं चालू होतं, एक गव्हाचं आणि एक अंड्याचं, आणि मधल्या दारात नवरा गोंधळून उभा की मी नक्की कुठल्या बाजूला काय उचलू.

सगळ्यात जिवावर आलं ते आईच्या टिनचं. त्याच्या काठाला घडी आहे, तळाला ओरखडे आहेत, आणि त्या प्रत्येक फटीत मैदा. कितीही घासला तरी खात्री देता येत नाही. नवा टिन आणला. जुन्यात आता सुया-दोरे आणि बटणं असतात.

एकदा लेबलं वाचायची सवय लागली की मग स्वयंपाकघर संशयास्पद वाटायला लागतं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, कारण बाजारचा हिंग बहुतेक वेळा पिठात मिसळलेला असतो. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत माल्ट असतं, ते जवाचं. मी केकच्या सामानातल्या बेकिंग पावडर आणि कस्टर्ड पावडरचे डबे उलटसुलट करून वाचले, दोन्हीत मक्याचा स्टार्च निघाला आणि जीव भांड्यात पडला. आणि त्या निमित्ताने कळलं की या दोन्ही वस्तू मुळात पथ्यासाठीच जन्मल्या आहेत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता, त्याच्या बायकोला अंडी सोसायची नाहीत म्हणून त्याने 1837 मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं, आणि तिला यीस्टही चालेना म्हणून 1843 मध्ये बेकिंग पावडर. बायकोला पुडिंग खाता यावं म्हणून केलेली खटपट, ती फिरत फिरत डोंबिवलीच्या वहीत "क. पावडर दोन चमचे" होऊन बसली. आई म्हणाली, "बरा दिसतोय हा माणूस."

आता खरं मतभेदाचं सांगते. घरात ग्लूटेनची चर्चा सुरू झाली तशी बाकीच्यांनीही आपापली पथ्यं पुढे केली. माझ्या बाबांना डायबेटिस. सासूबाईंना अंडं नको. एका चुलत जावेने दूध सोडलंय. मग व्हॉट्सअ‍ॅपवर टूम निघाली की एकच असा केक कर ज्यात गहू नाही, अंडं नाही, साखर नाही, दूध नाही. मी साफ नाही म्हटलं. या सगळ्या गोष्टी एका मापाच्या नाहीत. भाचीला गव्हाचा कण चालत नाही, तिथे तडजोड नाही. सासूबाईंचं न खाणं हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे, त्याला मान आहे, पण केक खाता येत नाही म्हणून त्यांच्या पोटात तुटत नाही, त्यांना मुळात केकच आवडत नाही. बाबांचा प्रश्न तुकडा किती मोठा एवढाच आहे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं गुळाचा केक चालतो. अहो, गूळ म्हणजे साखरच, रक्तात गेल्यावर ती काही देशी-विदेशी बघत नाही, खजुराचंही फार वेगळं नाही. उलट ग्लूटेनफ्री म्हणजे पथ्याचं असं समजून लोक तांदूळ-साबुदाण्याचा केक डायबेटिसवाल्याला आग्रह करून वाढतात, तो साखर चढवण्यात मैद्याच्या केकपेक्षा काही कमी नाही. त्यात साखर काढली तर नुसता गोडवा जात नाही, ओलावा जातो, रंग जातो. बाबांना दोन बोटं रुंदीचा तुकडा, जेवणानंतर, आणि वर वाद घालायचा नाही.

अंडी काढली असती तर ग्लूटेननंतर उरलेला शेवटचा खांबही गेला असता. बिनअंड्याचे केक चांगले होतात, मिल्कमेडचे तर आपल्या सगळ्यांच्या घरी झालेत, पण त्यात मैद्याचा आधार असतो. दोन्ही एकदम काढून होतं सगळं, इंटरनेटवर ढीगभर आहेत, फक्त तो आमचा केक राहिला नसता, आणि यात मी हट्टी आहे.

एक गोष्ट मात्र मी भाचीमुळे ठरवली. माझा मूळ बेत दोन केकचा होता, सगळ्यांसाठी नेहमीचा मोठा आणि तिच्यासाठी एक छोटा सेफ. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मामी, म्हणजे तो सगळ्यांचा नाही, माझाच?" शाळेत तिचा डबा वेगळा, पार्टीत तिची प्लेट आईच्या पर्समधून निघते, मुंजीत-लग्नात ती पंगतीला बसते आणि घरून आणलेलं खाते. आपल्याकडे एका पातेल्यातलं खाणं हेच जवळचं असण्याचं लक्षण मानतात, आणि तिचं पातेलं निदानापासून वेगळं. मग दोन केक रद्द. घरात त्या दिवशी मैद्याचं काहीच नाही, सामोसेही नाहीत. बटाटेवडे चालले, बेसन घरीच आपल्यासमोर दळलेल्या डाळीचं, हिंग खड्याचा, तेल नवं. सासूबाई म्हणाल्या मला शिरा करते, आणि दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाल्या रवा नको बाई आज, राजगिऱ्याचा करते. तो शिरा केकआधी संपला.

आईने केक खाल्ला तेव्हा आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली जायफळ कमी पडलंय. मैद्याबद्दल एक शब्द नाही. काकांनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, हिचा तो स्पेशल केक कुठाय? भाची इतकी हसली की तिच्या हातातला तुकडा पडला.

नंतर बऱ्याच जणींनी प्रमाण विचारलं म्हणून देते, 7 इंची टिनसाठी, आणि वाटीत नाही ग्रॅममध्ये. बारीक दळलेलं तांदळाचं पीठ 120, साबुदाण्याचं पीठ 30, बदामाची पूड 40, कस्टर्ड पावडर 20, ईसबगोल एक छोटा चमचा, चिमूट मीठ. लोणी 150 आणि पिठीसाखर 150 पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटायचं (पिठीसाखर घरी दळलेली, मिक्सरचं भांडं गव्हाचं नसलेलं), मग 3 अंडी एकेक करून, मग सगळी पिठं आणि साधारण 80 मिलिलिटर दूध. हे झाकून अर्धा तास ठेवायचं, त्यात तांदूळ भिजतो आणि कचकच जाते. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, ती अर्ध्या तासानंतर शेवटी, आणि जायफळही तेव्हाच, आईच्या म्हणण्याप्रमाणे जरा सढळ हाताने. इथे हवं तेवढं घोटा, चिवट व्हायला त्यात काही नाहीच. टिनला मैद्याऐवजी बटर पेपर. 170 डिग्रीला 40 ते 45 मिनिटं. गार झाल्याशिवाय कापायचा नाही, गरम असताना तुटतो. दुसऱ्या दिवशी हा केक मैद्याच्या केकपेक्षा लवकर कोरडा पडतो, तेव्हा उरलाच तर तुकडे करून फ्रीझरमध्ये टाका आणि खाताना जरा गरम करा. भाची शाळेच्या डब्यात तसाच नेते, आणि हल्ली दोन तुकडे जास्तीचे मागते, मैत्रिणींना द्यायला.